गाडीत जळक्या तेलाचा वास: इंजिन उघडण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण नाशिकमध्ये इंदिरानगरला राहता, आपली पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आठ वर्षांची आहे आणि ती ७८,००० किलोमीटर धावली आहे. गेल्या महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाट चढून घोटीच्या टोलनाक्यावर थांबलात, तेव्हा जळक्या तेलाचा वास पहिल्यांदा जाणवला. तेव्हापासून द्वारका चौकात वाहतुकीत अडकले की तो वास गाडीत भरतो आणि रस्ता मोकळा मिळाला की नाहीसा होतो. सायलेन्सरमधून धूर दिसत नाही. एका गॅरेजने रिंगा-पिस्टनचे, म्हणजे इंजिन उघडून करायचे, काम निघेल असे सांगितले, दुसऱ्याने जुन्या गाडीला एवढे चालायचेच म्हणून सोडून दिले, आणि आता नेमके काय करावे हे आपण विचारत आहात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ मी २६ वर्षे गाड्या दुरुस्त करत आहे. आपल्या वर्णनावरून माझा कल असा आहे की तेल इंजिनाच्या आत जळत नसून बाहेर पाझरून तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर) जळत असावे, आणि ते बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून येत असावे. गाडी न पाहता दिलेले हे मत आहे, म्हणून ते बरोबर की चूक हे आपल्याला स्वतः कसे ताडून पाहता येईल तेही पुढे सांगतो. दोन्ही गॅरेजांचे म्हणणे मला मान्य नाही. पहिल्याने काहीही न मोजता इंजिन उघडण्याची भाषा केली, आणि दुसऱ्याने तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या तेलाला किरकोळ मानले. यातला दुसरा सल्ला खिशाला परवडणारा वाटला तरी अधिक धोक्याचा आहे.

इंजिन ऑइल साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. घाट चढताना, म्हणजे इंजिनावर सतत भार असताना, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तापमान याच्या कितीतरी पुढे, ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते. त्यामुळे अशा पृष्ठभागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. त्याची जागच्या जागी वाफ होते. गाडीखाली तेलाचा डाग नाही, डिपस्टिकवरची पातळी फारशी उतरलेली नाही आणि तरीही वास येतो, याचा उलगडा इथे होतो. वास येण्यासाठी दोन-चार थेंब पुरे असतात.

तो वास थांबल्यावरच का येतो, हेही पाहू. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती समोरच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून, आणि बॉनेटची मागची कड त्या जाळीला लागूनच असते. गाडी वेगात असते तेव्हा इंजिनाभोवतीची हवा खालून मागे फेकली जाते. गाडी उभी राहिली की तापलेली वाफ सरळ वर चढते, बॉनेटच्या फटीतून बाहेर येते आणि तीच हवा ब्लोअर आत ओढतो. पुढच्या वेळी द्वारकेला वास आला की आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून पाहा. दोन-तीन मिनिटांत वास कमी झाला, तर तो बॉनेटखालून येतो आहे हे जवळपास पक्के झाले. हे बटण दाबून गाडी वापरत राहणे हा मात्र उपाय नव्हे, कारण त्याने फक्त आपल्या नाकापर्यंतची वाट बंद होते.

आता, तो वास खरोखर इंजिन ऑइलचाच आहे ना, याची खात्री करून घेतली पाहिजे. गॅरेजला येणारे बरेच लोक प्रत्येक जळक्या वासाला ‘ऑइलचा वास’ म्हणतात. जळलेले इंजिन ऑइल नाकाला जड लागते, घशात थोडे झोंबते, आणि कढईत फार तापलेल्या तेलासारखे, पण अधिक उग्र असते. क्लचचा वास याहून वेगळा, जळलेल्या कागदासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा असतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना हाफ क्लचवर गाडी रेटली की तो हमखास येतो आणि अर्ध्या तासात जातो. ब्रेकचा वास बहुधा एकाच चाकापाशी तीव्र असतो, आणि त्या चाकाची रिम इतरांपेक्षा कितीतरी गरम लागते. तपासताना हात रिमजवळ न्यावा, रिमला लावू नये. कूलंट गोडसर वासाचे असते आणि काचेवर आतून चिकट धुके धरते. वायर जळण्याचा वास तीक्ष्ण, प्लास्टिकसारखा असतो. तो आला तर गाडी ताबडतोब बंद करावी आणि बॅटरीची वायर काढावी. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळली तरी तसाच वास येतो, म्हणून एकदा खाली वाकून पाहणे योग्य. गिअरबॉक्सच्या तेलात गंधकयुक्त रसायने असल्यामुळे त्याचा वास कुजकट असतो. तो आला तर शोध इंजिनावर न करता ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी करावा लागतो.

त्यानंतरचा प्रश्न असा, की गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सर्व्हिसिंग झाले होते का? आपण याचा उल्लेख केलेला नाही, पण माझ्याकडे आलेल्या माणसाला मी हेच सर्वांत आधी विचारतो. ऑइल भरताना थोडे इंजिनावर सांडले असेल तर एक-दोन दिवस वास येऊन आपोआप थांबतो. भरण्याचे झाकण नीट बसवले गेले नसेल, तर कॅमशाफ्टने (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याने) उडवलेले तेल त्या फटीतून बाहेर फवारले जाते. ऑइल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, तर तो जोड काही दिवस टिकतो आणि दाब वाढला की एकाएकी सुटतो. अशा वेळी तेल पाझरत नाही, धारेने जाते, आणि इंजिन काही मिनिटांत कोरडे पडू शकते. फिल्टर ओला दिसला तर गाडी हलवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो म्हणजे तेल बाहेर जळते आहे की आत. पहिल्या गॅरेजने हा प्रश्न विचारलाच नाही. आत, म्हणजे सिलिंडरमध्ये तेल जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि तो कोणत्या वेळी येतो यावरून दोष बराचसा कळतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपकारा निघून थांबला, तर व्हॉल्व्ह सील कडक झाली असावीत. रात्रीतून तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरलेले असते. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इनटेकमध्ये मोठा निर्वात तयार होतो आणि अशा खराब सीलमधून तेल ओढले जाते, म्हणून एखादा लांब उतार उतरून पायथ्याला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे काय दिसते हे पाहण्यासारखे असते. मागच्या गाडीत एखादा मित्र असला तर त्याला लक्ष ठेवायला सांगावे, कारण चालवणाऱ्याला आरशात ते नीट दिसत नाही. याउलट, भार देऊन वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगांवर संशय घ्यावा लागतो. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ यात मोजू नये. निफाडकडच्या गारठ्यात ती प्रत्येक गाडीतून निघते आणि इंजिन तापले की जाते.

आपल्या गाडीतून धूर नाही हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. तरीही केवळ नजरेवर विसंबू नका. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिक पुसून पातळी बघा आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये एक लिटरच्या आसपास तेल असते. हजार किलोमीटर चालवून पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा. या वयाच्या गाडीने एवढ्या अंतरात शंभर-दोनशे मिलिलिटर घेतले तर मी इंजिनाला हात लावत नाही. अर्धा लिटर किंवा अधिक गेले, आणि बाहेर तितकी गळती दिसत नसेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासण्याची वेळ आली असे मी समजतो.

ती तपासणी सर्व प्लग काढून, इंजिन गरम असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून करायची असते. पेट्रोल इंजिनात बहुधा १७० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतलाच धरावा. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो. एखादा सिलिंडर इतरांहून बराच मागे असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष रिंगा-बोअरचा, आणि न चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पॅकिंगचा. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: तेल खरवडणाऱ्या खालच्या रिंगा काजळीने जाम झाल्या असतील तर कॉम्प्रेशन उत्तम येऊनही इंजिन तेल खाते, आणि व्हॉल्व्ह सीलचा दोष तर या तपासणीत दिसतच नाही. म्हणून चांगला आकडा आला की इंजिन निर्दोष, असे म्हणता येत नाही. मात्र एकही आकडा न घेता इंजिन उघडायला सांगणाऱ्याला, ‘आधी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून द्या’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता बाहेरच्या गळतीचा शोध. तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे सर्वांत ओली आणि काळी जागा ही गळतीची जागा असतेच असे नाही; ती बहुधा गळतीचा शेवट असते. शोधायचे असते ते सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ओले ठिकाण. ही गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो आहे. गॅरेज सुरू करून काही वर्षे झाली होती, तेव्हा ओझरहून एक डिझेल जीप आली होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल ठिबकत होते. मी क्रँकचे मागचे सील गेले असे ठरवले, गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले आणि दोन दिवसांचे काम करून गाडी दिली. आठ दिवसांत ती परत आली आणि तोच जोड पुन्हा ओला होता. तेव्हा आरसा घेऊन हेडच्या मागच्या बाजूला पाहिले, तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून तेल निघून हेडच्या पाठीवरून थेट त्या जोडावर उतरत होते. काहीशे रुपयांच्या पॅकिंगऐवजी मी त्या गृहस्थांकडून गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी घेतली होती. ती मी परत केली, आणि त्या दिवसापासून इंजिन धुतल्याशिवाय गळतीचे निदान न करण्याचा नियम पाळतो.

धुण्याची पद्धत सांगतो. इंजिन पूर्ण थंड असावे. अल्टरनेटर, कॉइलचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाकावे. तेलकट जागांवर डिग्रीझर मारून ब्रशने घासावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा इंजिनावर मारू देऊ नये, कारण पाणी कनेक्टरमध्ये आणि प्लगच्या विहिरींत, म्हणजे प्लग बसतात त्या खोल खळग्यांत, शिरते. पेट्रोलने इंजिन धुण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. ती जिवावर बेतणारी आहे. धुऊन झाल्यावर हवेने कोरडे करावे, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी, आणि बॉनेट उघडून टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत जावे. आरसा जिथे पोहोचत नाही तिथे मोबाइल आत धरून चित्रीकरण करावे. गळती अगदी बारीक असेल तर कोरड्या केलेल्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरावी. तेलाची पहिली रेघ तिच्यावर स्पष्ट उमटते. यानेही कळले नाही तर तेलात मिसळण्याचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून पन्नासेक किलोमीटर गाडी चालवली आणि अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली पाहिले की गळतीचे मूळ पिवळसर हिरवे उजळते.

आपल्या बाबतीत पहिल्यांदा पाहायची जागा म्हणजे टॅपेट कव्हर आणि हेड यांचा सांधा, विशेषतः मॅनिफोल्डच्या बाजूचा. काही इंजिनांत मॅनिफोल्ड रेडिएटरकडे असतो तर काहींत केबिनच्या भिंतीकडे. दुसऱ्या रचनेत वास लवकर आत येतो आणि गळती मात्र दिसायला अवघड असते. त्या सांध्यातले पॅकिंग रबराचे असते. वर्षानुवर्षे रोज तापून निवून ते कडक होते, त्याची लवचीकता संपते, आणि मग जुने पॅकिंग बाहेर काढले तर ते प्लास्टिकच्या पट्टीसारखे हातात मोडते. आपल्या भागातली धूळ या गळतीवर बसून काळा खरपुडा तयार करते, आणि तो खरपुडाच बऱ्याचदा गळतीची पहिली खूण असतो. प्लगच्या विहिरींतही डोकवा. तिथे तेल साचले असेल तर त्याच कव्हरमधली प्लगभोवतीची गोल सील गेलेली आहेत, आणि लवकरच इंजिन मिसिंग करू लागेल, म्हणजे झटके देऊ लागेल.

पण पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर नेणारी वाट, तपासावा, आणि हा भाग मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण नवे पॅकिंग घालूनही सहा महिन्यांत गळती परत येते ती बहुधा याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, जुन्यात थोडा अधिक. हा वायू पीसीव्ही नावाच्या एकदिशा व्हॉल्व्हमधून आणि ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इनटेकमध्ये ओढला जाऊन जळावा अशी योजना असते. छोट्या अंतरांच्या फेऱ्यांनी, म्हणजे इंदिरानगर ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि परत असा वापर असला की, इंजिन पुरते तापत नाही, पाण्याची वाफ आणि तेल मिळून चिकट गाळ होतो आणि ही वाट बुजते. मग क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि जिथे सील सर्वांत दुबळे असेल तिथून तेल बाहेर रेटले जाते. अशा गाडीत एक सील बदलले की काही दिवसांनी दुसरे गळते, आणि मालकाला वाटते की कारागीर फसवतो आहे.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सोडवा आणि तसेच वर टेकवून ठेवा. ते किंचित आत ओढले गेले किंवा हलकेच थरथरले तर ठीक. ते उडून पडू लागले आणि तोंडातून धुराचे भपके येऊ लागले, तर एक तर ब्रीदर बुजला आहे किंवा रिंगांतून फार वायू उतरतो आहे. आधी ब्रीदर साफ करा किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बदला, आणि मगच रिंगांबद्दल बोला. सुटा काढता येणारा व्हॉल्व्ह कानाशी हलवला की आतली गोळी खडखडते. ती खडखडली नाही तर तो जाम आहे. काही नव्या इंजिनांत सुटा व्हॉल्व्ह नसून टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडल डगमगते.

पॅकिंग बदलण्याचे काम अवघड नाही, पण ते बिघडवणे फार सोपे आहे. गळती दिसली की कव्हरचे बोल्ट आणखी आवळायचे, ही पहिली चूक. अनेक गाड्यांत हे बोल्ट अवघ्या ८ ते १२ न्यूटन-मीटरचे असतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर बसतील एवढेच. जास्त आवळले तर रबर चिरडते, प्लास्टिकचे कव्हर तडकते किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि मग काहीशे रुपयांचे काम हजारांवर जाते. टॉर्क पाना वापरावा, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने दोन-तीन फेऱ्यांत बसवावेत आणि आकडा पुस्तिकेतून घ्यावा. दुसरी चूक सिलिकॉन पेस्टची. रबरी पॅकिंगला सभोवार पेस्ट लावण्याची गरज नसते. ज्या कोपऱ्यांत टायमिंग कव्हर हेडला मिळते किंवा कॅमचे अर्धगोल येतात, तिथे हरभऱ्याएवढा ठिपका पुरतो. जादा पेस्ट आतल्या बाजूला दाबली जाते, तुटून ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) पडते आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसते. तेलाच्या गळतीवर केलेल्या उपायानेच इंजिनाचे तेल तोडले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. कव्हरची खाच आणि हेडचा पृष्ठभाग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करावा, धारदार पात्याने नव्हे. प्लगची गोल सील आणि बोल्टखालचे रबरी वॉशर त्याच वेळी बदलावेत. पेस्ट वापरली असेल तर तिच्या वेष्टनावर सांगितलेला वेळ इंजिन सुरू करू नये.

एवढे सगळे नीट झाल्यावरही दोन-तीन दिवस वास येईल. मॅनिफोल्डवर आणि त्याच्या उष्णतारोधक पत्र्याच्या आत मुरलेले जुने तेल जळून जायला शंभरेक किलोमीटर लागतात. याची कल्पना मी गाडी देतानाच देतो, नाहीतर लोक घाबरून दुसऱ्या दिवशीच परत येतात. चौथ्या-पाचव्या दिवशीही वास तेवढाच असला, तर मात्र पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

टॅपेट कव्हर कोरडे निघाले तर पुढे कॅमशाफ्टचे सील, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचे पुढचे सील आणि चेंबरचा नट (तेल काढण्याचा तळाचा नट) या क्रमाने खाली उतरावे. प्रेशर स्विच हा स्वस्त भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. त्याचा कनेक्टर काढून आत तेल दिसले तर तो बदलण्यापलीकडे विचार करण्याचे कारण नाही. चेंबरच्या नटाखालचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा. क्रँकच्या मागच्या सीलचा निर्णय सर्वांत शेवटी, वरचे सगळे कोरडे आहे याची खात्री झाल्यावरच घ्यावा.

आपली गाडी पेट्रोलची आहे, तरी डिझेल वापरणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी जोडतो. टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीच्या जोडातली गळती लगेच दुरुस्त करावी, कारण टर्बोचा गरम भाग मॅनिफोल्डइतकाच तापतो आणि तिथे तेल दाबाखाली असते. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषण नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा काही मिनिटे तापलेल्या धातूचा उग्र वास येतो आणि आयडल थोडे वाढते. ती गळती नव्हे. मात्र शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे ही सफाई वारंवार अर्धवट राहिली, तर डिझेल तेलात मिसळून डिपस्टिकवरची पातळी चढू लागते, आणि चढणारी पातळी ही उतरणाऱ्या पातळीइतकीच गंभीर समजावी.

बाजारात गळती थांबवणारी औषधे मिळतात. ती रबर फुगवतात, त्यामुळे थोड्या कडक झालेल्या सीलला काही काळ फायदा होतो, पण चिरलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही, आणि बुजलेल्या ब्रीदरवर तर मुळीच नाही. जाड तेल भरण्याचा सल्लाही असाच आहे. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे पातळ तेल सांगितले आहे त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड तेल भरले, तर सकाळच्या थंड इंजिनात ते वरच्या कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लावते, आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा नीट काम करत नाही. मी हे दोन्ही करत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी शहरात वापरायला हरकत नाही, पण कसारा किंवा सापुतारा घाटात नेऊ नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत पुस्तिकेतल्याच ग्रेडचे अर्धा लिटर तेल गाडीत असू द्या. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर पुढचा चौक गाठण्याचा विचारही न करता बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेटखालून धूर निघताना दिसला तर सर्वांना उतरवून दूर न्या, ११२ वर फोन करा आणि बॉनेट पूर्ण उघडू नका. आत आग असेल तर मिळणाऱ्या हवेने ती भडकते. अग्निशामक असेल तर बॉनेट फक्त खटक्यापुरते सोडून त्या फटीतून पावडर मारावी. आणि धुऊन झाल्यावर किंवा काम झाल्यावर इंजिनावर फडके राहिलेले नाही ना, हे स्वतः पाहा. थंडीत उंदीरही मॅनिफोल्डजवळ गवत आणि चिंध्या आणून ठेवतात. त्यांच्यावर तेल पडले की आग लागायला दुसरे काही लागत नाही.

आपण या रविवारी सकाळी वर सांगितलेल्या पद्धतीने डिपस्टिक पाहून आकडा लिहा, झाकण व फिल्टर कोरडे आहेत का ते बघा, आणि झाकण टेकवून ब्रीदरची तपासणी करा. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ते धुऊन घ्या, गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन या, आणि टॅपेट कव्हरच्या मॅनिफोल्डकडच्या सांध्याचे छायाचित्र काढा. तिथे ताजी ओली रेघ दिसली तर तेच छायाचित्र दाखवून फक्त पॅकिंग, प्लगची सील आणि ब्रीदर एवढेच काम सांगा, आणि जुने पॅकिंग परत मागून घ्या. सांधा कोरडा असेल आणि हजार किलोमीटरमध्ये तेल अर्ध्या लिटरहून कमी उतरले असेल, तर इंजिन उघडू देऊ नका आणि मी सांगितलेल्या क्रमाने खालच्या जागा पाहत चला.